बाबांच्या कॅनाबिस तेलाची रोजची नोंद: वहीत नेमकं काय लिहायचं?

ब्रॅम्प्टनची_लेक

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, कारण घरात याविषयी बोलायला कोणी नाहीये.

माझे बाबा, वय ७३, माझ्याकडे कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतात. मागच्या वर्षी त्यांना उजव्या बरगडीवर नागीण झाली. फोड गेले, खपल्या पडल्या, पण वेदना काही गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात की नागिणीने नस दुखावली की असं काहींच्या बाबतीत होतं आणि ते महिनोन्‌महिने टिकू शकतं. गॅबापेंटिन (नसांच्या वेदनांचं औषध) चालू आहे, त्याने फरक पडतो पण डोस वाढवला की दिवसभर पेंगत बसतात, म्हणून मग पेन क्लिनिकच्या नर्स प्रॅक्टिशनरने मेडिकल कॅनाबिसचा, म्हणजे गांजाच्या झाडापासूनच्या औषधाचा, कागद दिला. आता परवानाधारक विक्रेत्याकडे नाव नोंदवून तेल पोस्टाने घरी आलंय. बाटलीवर लिहिलंय दर मिलीला टीएचसी (त्यातला नशा आणणारा घटक) १० मिग्रॅ आणि सीबीडी (नशा न आणणारा) १० मिग्रॅ. रात्री पाव मिली द्या, हळूहळू बघू, आणि रोज डायरी ठेवा, पुढच्या भेटीला घेऊन या असं सांगितलं.

तर प्रश्न डायरीचा आहे. बाबांनी वही केली, तारीख व्यवस्थित घालतात (आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं, नोंदवही म्हटलं की हात आपोआप चालतो), पण त्यापुढे काय, तर "ठीक", "बरे", "आज जास्त". एवढंच. ० ते १० मध्ये किती दुखतंय विचारलं तर म्हणतात असं आकड्यात कसं सांगू, दुपारी वेगळं असतं, रात्री वेगळं. बरोबरच आहे त्यांचं.

मला विचारायचंय की वहीत नक्की काय काय असावं म्हणजे तिकडे बघणाऱ्याला उपयोग होईल? फोनवरचं ॲप बरं की वहीच बरी? आणि दिवाळीत आम्ही सांगलीला जायचं ठरवतोय, तेव्हा तेल बरोबर नेता येईल का, कागद आहे आमच्याकडे.

औषधवाला_ओंटारियो

ताई, मी इथेच कम्युनिटी फार्मसीत काम करतो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो कारण त्यात घोळ झाला तर फार महागात पडेल: तेल न्यायचं नाही. कॅनडातून कॅनाबिस बाहेर नेणं आणि बाहेरून आत आणणं दोन्ही गुन्हा आहे, मेडिकल कागद असला तरी, अगदी शेजारी अमेरिकेत जिथे त्या राज्यात चालतं तिथेही. भारतात तर एनडीपीएस (अमली पदार्थांचा) कायदा १९८५ आहे आणि टीएचसी असलेलं तेल बाहेरून आणलं तर आपला इथला कागद तिथे कोणी विचारणार नाही. रिकामी बाटली, ड्रॉपर काहीही बॅगेत ठेवू नका. दिवाळीचं काय करायचं ते क्लिनिकशी आत्तापासून बोला, कारण रोज घेत असतील आणि एकदम बंद केलं तर काही लोकांची झोप उडते, चिडचिड होते, भूक जाते.

आता वही. पहिली गोष्ट, वहीत थेंब, अर्धा ड्रॉपर, "नेहमीचा डोस" असलं काही लिहायचं नाही. मिग्रॅ लिहायचे. तुमच्या तेलात पाव मिली म्हणजे टीएचसी २.५ आणि सीबीडी २.५ मिग्रॅ. उद्या ते तेल स्टॉकमध्ये नसेल आणि दुसरं आलं, त्यात टीएचसी २० असेल, तर तोच पाव मिली म्हणजे दुप्पट झाला, आणि वहीत दोन्हीकडे "पाव मिली" दिसलं तर कोणालाच कळणार नाही की बाबा त्या दिवसापासून का गरगरायला लागले. म्हणून वहीच्या आतल्या पानावर बाटलीचं लेबल जसंच्या तसं उतरवा, लॉट नंबरसकट, नवी बाटली उघडली की परत. लेबलवर आकडा दर मिलीचा आहे की दर ग्रॅमचा हेही बघा, दोन्ही छापतात. आणि काही लेबलांवर टीएचसी आणि टोटल टीएचसी असे दोन आकडे असतात. तेलात ते जवळजवळ सारखेच असतात पण सुक्या फुलात फार फरक असतो, कारण टोटल म्हणजे तापवल्यावर तयार होईल ते धरून. हिशोब टोटलचा करायचा.

दुसरं म्हणजे वेळ. तोंडावाटे घेतलेलं तेल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ घेतं, पूर्ण जोर यायला चार तासही लागू शकतात, आणि असर बारा तासांपर्यंत राहतो, थोडी सुस्ती तर दुसऱ्या दिवशीपर्यंत. लोक काय करतात, तासभर वाट बघतात, काही होत नाही म्हणून अजून थोडं घेतात, आणि मग रात्री दीड वाजता दोन्ही एकदम अंगावर येतं. त्यामुळे घेतलं किती वाजता, फरक जाणवला किती वाजता, सकाळी उठल्यावर डोकं जड होतं का, या तीन वेळा हव्यातच.

तिसरं, जेवण. हे कोणी लिहीत नाही आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कॅनाबिसमधले हे पदार्थ चरबीत विरघळतात. मिरगीसाठी जे शुद्ध सीबीडीचं औषध मिळतं, एपिडायोलेक्स, त्याच्या अधिकृत माहितीपत्रकात दिलंय की भरपूर चरबीच्या जेवणाबरोबर घेतलं तर रक्तातली सर्वोच्च पातळी उपाशीपोटीच्या पाचपट जाते. तुमचं तेल वेगळं, डोस खूप छोटा, ते मान्य, पण दिशा तीच. एका रात्री नुसती पेज आणि दुसऱ्या रात्री पुरणपोळीवर तुपाची धार असेल तर बाबांना तेच अडीच मिग्रॅ वेगळे वाटू शकतात. म्हणून रोज साधारण सारखं खाऊन, सारख्या वेळी घ्या, आणि काय खाल्लं ते दोन शब्दांत लिहा.

चौथं, बाकीची औषधं सगळी, वेळेसकट. गॅबापेंटिन आणि टीएचसी दोन्ही झोप आणतात, बेरीज होते. वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, वाढू शकतो, ते क्लिनिकला माहीत असायलाच हवं. क्लोबाझाम (मिरगीची गोळी) चालू असेल तर सीबीडीने तिचा असर आणि पेंग वाढू शकते. बाबांची यादी काय आहे?

एक पान कसं दिसेल ते लिहून दाखवतो, रकाने आखून द्या, इंजिनियर माणूस आहेत, आनंदाने भरतील:

मंगळवार. घ्यायच्या आधी (रात्री ८) दुखणं ६. जळजळ आहे, चमका कमी. जेवण ८.१५ भाकरी, वांगं, ताक. तेल ८.४५, टीएचसी २.५ / सीबीडी २.५. गॅबापेंटिन ९.३० (इथे मिग्रॅ लिहा). १०.३० ला दुखणं ४, तोंड कोरडं. झोप ११ ते ३, लघवीला उठले तेव्हा तोल नीट. परत झोप ५.३० पर्यंत. सकाळी ७ ला डोकं हलकं, दुखणं ५.

बस. दोन मिनिटांचं काम आहे. याच्यापेक्षा जास्त रकाने केलेत तर आठवड्यात वही बंद पडते, बघितलंय मी.

लेस्टरवाली

मी पेशंट आहे म्हणून पेशंटच्या बाजूने लिहिते. मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, पाय ताठ होतात, रात्री पोटऱ्यांत इतके गोळे येतात की ओरडून उठते. इंग्लंडमध्ये १ नोव्हेंबर २०१८ पासून स्पेशालिस्ट डॉक्टर कॅनाबिसची औषधं लिहून देऊ शकतात, पण मला मिळालं ते सॅटिव्हेक्स, तोंडात मारायचा स्प्रे, ते त्याच्याही आधीपासून परवाना असलेलं औषध आहे. एका स्प्रेत टीएचसी २.७ आणि सीबीडी २.५ मिग्रॅ.

हे सांगायचं कारण असं की इथे डायरीवरच सगळं ठरतं. नाइसचा, म्हणजे इथे कुठले उपचार द्यायचे ते ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की आधी चार आठवडे ट्रायल द्यायची आणि पेशंटच्या स्वतःच्या ० ते १० च्या आकड्यात निदान २० टक्के उतार पडला तरच औषध पुढे चालू ठेवायचं. म्हणजे सुरुवातीला ८ असेल तर ६.४ किंवा खाली यायला हवं. आता विचार करा, "ठीक", "बरे" वरून हे कसं काढणार? आणि त्याहून महत्त्वाचं, सुरुवातीचा ८ कुठून आणणार, जर औषधाच्या आधीचं काही लिहिलेलंच नसेल तर? ताई, बाबांनी तेल अजून सुरू केलं नसेल तर क्लिनिकला विचारून आठवडाभर थांबा आणि नुसती वही भरा, तेल न घेता. सुरू केलं असेल तर जुन्या आठवणीतून आकडे भरत बसू नका, ते खोटेच येतात, आजपासून लिहा.

आकड्याबद्दल बाबा म्हणतात ते खरंय. मलाही पहिले काही दिवस वैताग यायचा. माझ्या फिजिओने सुचवलं की दिवसाचा सरासरी आकडा काढायला जाऊ नको, ठरलेल्या वेळेला घड्याळ बघून त्या क्षणी किती आहे तेवढंच लिही. माझी वेळ सकाळी ८ आणि रात्री ८. आणि आधीचं पान उलटून बघायचं नाही. काल ५ लिहिला होता म्हणून आज पण ५ असं हात आपोआप करतो.

दुसरं म्हणजे आकड्याच्या शेजारी एक काम लिही म्हणाली, रोज तेच काम. मी जिना लिहिते, वर जाताना कठडा धरावा लागला की नाही. बाबांचं दुखणं नागिणीचं आहे ना, तर त्यात नुसता कपडा लागला तरी भाजल्यासारखं होतं, माझ्या मामींना तसं होतं. मग बनियन लिहा. बनियन अंगावर सहन झाला की काढून ठेवावा लागला, किती वाजता काढला. कूस लिहा, उजव्या कुशीवर झोपता आलं का. हे ते एका क्षणात सांगतील, त्यासाठी विचार करावा लागत नाही, आणि समोरच्या डॉक्टरला त्या एका ओळीतून जे कळतं ते सहा आणि सातच्या फरकातून नाही कळत.

दुखण्याचे प्रकार पण वेगळे लिहू द्या त्यांना, जळजळ, ठणका, चमक, मुंग्या, जसं ते म्हणतील तसं. माझ्याबाबतीत स्प्रेने गोळे कमी झाले पण मुंग्या तशाच आहेत. एकच आकडा लिहीत राहिले असते तर वाटलं असतं की काहीच फरक नाही.

ॲप की वही, माझं मत वही. रात्री दोन वाजता फोन उघडला की झोप गेलीच. उशाशी पेन्सिल आणि वही. आणि जे दिवस राहून जातील ते कोरेच राहू देत, मागून भरायचे नाहीत.

साताऱ्याचा_माणूस

राग मानू नका ताई, पण हा गांजाच ना शेवटी? आमच्या गल्लीत एक चांगला शिकलेला मुलगा याच्यात वाया गेला, डोक्यावर परिणाम झाला, आईवडिलांचे हाल बघवत नाहीत. तिकडे कायदेशीर आहे म्हणजे चांगलं आहे असं होत नाही. ७३ व्या वर्षी बाबांना याची सवय लागली तर? वही लिहून सवय थांबते का? मनापासून काळजी वाटली म्हणून लिहिलं.

औषधवाला_ओंटारियो

दादा, राग कसला, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला गेला पाहिजे. झाड तेच आहे, खरंय. तुम्ही म्हणता तसा डोक्यावर परिणाम होतो हेही खरं, विशेषतः कोवळ्या वयात, जास्त टीएचसी, रोजचं ओढणं, आणि घरात कोणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर. म्हणून तसा इतिहास असणाऱ्याला टीएचसी देत नाहीत. ताई, तुमच्या घराण्यात असं काही असेल आणि क्लिनिकमध्ये सांगायचं राहिलं असेल तर आधी सांगा.

आणि फायद्याबद्दलही अवास्तव काही सांगत नाही. नसांच्या वेदनांवर कॅनाबिसच्या औषधांचा कॉक्रेनचा (अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २०१८ चा आढावा आहे, १६ अभ्यास, १७५० लोक. वेदना निम्म्याने किंवा जास्त कमी झालेले लोक औषधवाल्यांत १०० मागे २१ आणि खोट्या औषधवाल्यांत १०० मागे १७. एवढाच फरक. म्हणजे बहुतेकांना ठळक फायदा होत नाही, थोड्यांना होतो, आणि आपले बाबा त्या थोड्यांत आहेत का हे आधी कोणालाच सांगता येत नाही. हे शोधायचं साधन म्हणजे वही. तिचं काम औषध चांगलं आहे हे सिद्ध करणं नाहीच, चालत नसेल तर वेळेवर बंद करता यावं हे तिचं निम्मं काम आहे. वही नसेल तर काय होतं मी काउंटरवर रोज बघतो, लोक दोन दोन वर्षं घेत राहतात, महिन्याला एवढे डॉलर घालतात, आणि विचारलं की उपयोग होतो का तर म्हणतात होत असेल बहुतेक.

सवयीचं म्हणाल तर ते वहीत दिसतं, दिसलंच पाहिजे. आठवड्यातून एकदा, रविवारी समजा, चार प्रश्नांची उत्तरं लिहायची: ठरल्यापेक्षा जास्त घेतलं का, किती वेळा. दुखत नसताना घेतलं का. एखादा डोस चुकला तर चिडचिड झाली का. तोच परिणाम यायला आता जास्त लागतंय का. आणि हे प्रश्न घरच्या माणसानेही वेगळे उत्तर देऊन लिहावेत, कारण वय झालेल्या माणसाला स्वतःचा विसरभोळेपणा किंवा गोंधळ स्वतःला कळत नाही.

अजून एक चिन्ह आहे ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. खूप दिवस नियमित आणि जास्त घेणाऱ्या काहींना वारंवार उलट्या सुरू होतात, पोटात दुखतं, आणि गरम पाण्याने आंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. अडीच मिग्रॅवर हे होईल असं मी म्हणत नाही पण उलटी झाली तर वहीत लिहा, पित्त म्हणून सोडून देऊ नका.

जर्सीकर

डायरी या विषयावर एक वेगळी गोष्ट, अमेरिकेतल्या लोकांसाठी. इथे न्यू जर्सीत राज्याच्या कायद्याने मेडिकल पण आहे आणि दुकानं पण आहेत, पण इमिग्रेशन फेडरल सरकारकडे, आणि तिथला कायदा वेगळा. यूएससीआयएसने (नागरिकत्व आणि इमिग्रेशनचं फेडरल खातं) एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट करून टाकलंय की राज्यात चालत असलं तरी कॅनाबिसशी संबंध नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या वर्तणुकीच्या अटीला आड येऊ शकतो. एच वन, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, कुठल्याही टप्प्यावर असाल तर वापर सुरू करण्याआधीच इमिग्रेशन वकिलाशी बोला, आणि रोजची नोंद ॲपमध्ये, क्लाउडवर, फॅमिली ग्रुपवर फोटो टाकून ठेवू नका. सीमेवर फोन तपासू शकतात, तपासतात. कॅनडातल्या लोकांनी पण, गाडीने नायगारा ओलांडून इकडे येणार असाल तर वही घरी ठेवून या. लपवाछपवी करा असं म्हणत नाहीये, डॉक्टरला सगळं सांगा, पण ही आजारपणाची वही आहे आणि ती पेशंट आणि डॉक्टर यांच्यातच राहावी.

वैद्य_नाशिक

दिवाळीचा विषय निघालाय म्हणून लिहिते. ब्रॅम्प्टनच्या ताई, वरच्या फार्मसिस्ट दादांनी सांगितलंय तेच परत सांगते, तेल आणू नका.

इथे काय मिळतं ते सांगते म्हणजे नातेवाइकांच्या सल्ल्याने गोंधळ व्हायला नको. एनडीपीएस कायद्यात चरस (झाडाची राळ) आणि गांजा (झाडाचे फुलोरे) येतात, शेंड्याशिवायची नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून विजयेची, म्हणजे भांगेच्या पानांची आयुर्वेदिक औषधं परवाना घेऊन बनवता येतात, जातिफलादी चूर्णात ती असते, त्रैलोक्यविजया वटी तर नावातच सांगते. पण भांग आपल्याकडे औषध कायद्याच्या ई-वन यादीत, विषारी द्रव्यांमध्ये आहे, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध, आणि पानांच्या अर्कातही टीएचसी असतं. म्हणजे सांगलीत पोचल्यावर कोणीतरी "अहो आपल्याकडे हेच आयुर्वेदिक मिळतं" म्हणून बाटली आणून दिली आणि बाबांनी तिथल्यासारखं पाव मिली घेतलं, असं अजिबात करू नका. ताकद वेगळी, लेबल वेगळं, काही लेबलांवर टीएचसी किती हे कळतही नाही.

आणि दुकानात हेम्प सीड ऑइल म्हणून मिळतं ते बियांचं तेल आहे, खाद्य म्हणून. २०२१ मध्ये एफएसएसएआयने (अन्न सुरक्षेची सरकारी संस्था) बिया, बियांचं तेल आणि पीठ यांना परवानगी दिली. स्वयंपाकाला चालेल, पण त्यात वेदनेवर काम करेल इतकं सीबीडी नसतं. माझ्याकडे कितीतरी लोक ते सीबीडी तेल समजून गुडघ्याला चोळून येतात.

वहीबद्दल माझी एक भर. भूक, शौच आणि झोप हे तीन रकाने असू द्या. म्हाताऱ्या माणसाची भूक वाढली किंवा मेली, मलावरोध झाला, हे आधी कळतं. गॅबापेंटिननेही मलावरोध होतो, तेव्हा कशाने काय झालं ते तारखा बघूनच ठरवावं लागतं.

ब्रॅम्प्टनची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हे सगळं बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. साताऱ्याचे दादा, तुमची काळजी त्यांनी नीट ऐकून घेतली, ते म्हणाले त्या माणसाला सांग की मलाही हीच भीती वाटते, आणि म्हणूनच मी पाव मिलीच्या पुढे जात नाहीये. आमच्या घरात तसला आजार कोणाला नाही, पण आत्याला एकदा विचारून घेईन.

वही आता आडवी धरून रकाने आखलेत, फूटपट्टीने, लाल आणि निळ्या शाईत. आकड्याचा वाद मिटला, आठ वाजता घड्याळ बघून लिहितात. बनियनचा रकाना तर त्यांना इतका पटला की त्यात स्वतःच "सुती", "होजियरी" अशी फोड केलीये. परवाचं पान इथे उतरवते, त्यांच्याच शब्दांत:

"रात्री ८ - ६. भाजल्यासारखे. चमक दोनदा. बनियन (सुती) ५ वाजता काढला. जेवण ८.३० मुगाची खिचडी, तूप, पापड. तेल ९.०० पाव मि. (२.५/२.५). ११.०० - ४. कूस उजवी थोडा वेळ जमली. २.४० उठलो, अंधारी आली, कॉटला धरून उभा राहिलो, मिनिटभराने गेलो. सकाळी ७ - ५. डोके साफ."

तेल सुरू करून थोडेच दिवस झालेत त्यामुळे आधीची नोंद नाही, लेस्टरच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे मागचं काही भरलेलं नाही. औषधांची यादी विचारली होती ना, तर गॅबापेंटिन, बीपीची अम्लोडिपिन सकाळी, आणि प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, ती रात्री जेवणानंतर. वॉरफरिन नाही. अंधारी येते हे मला वही वाचेपर्यंत माहीतच नव्हतं, त्यांनी सांगितलं नव्हतं. मागे बघितलं तर अजून एका रात्रीही लिहिलंय "उठताना जरा हललो". आणि टॅमसुलोसिनची नोंद वहीत नव्हती, कारण ती "त्या दुखण्याची गोळी नाही" म्हणून.

औषधवाला_ओंटारियो

ताई, पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, उद्या सकाळी क्लिनिकला फोन करा आणि हीच ओळ वाचून दाखवा. टॅमसुलोसिनने उभं राहताना बीपी पडू शकतं, अम्लोडिपिन बीपीचीच गोळी, टीएचसीनेही तसंच होऊ शकतं, वर गॅबापेंटिनची गरगर. अम्लोडिपिन सकाळी घेतली तरी चारहींचा असर रात्री अंगात असतो. यातलं कोण किती कारणीभूत ते मी इथून सांगू शकत नाही आणि तुम्हीही स्वतःहून कुठलीच गोळी बंद किंवा पुढेमागे करू नका, गॅबापेंटिन तर अचानक मुळीच नाही. पण ७३ व्या वर्षी रात्री अडीच वाजता पडणं म्हणजे खुब्याचं हाड, त्यामुळे हे दुखण्याच्या आकड्यापेक्षा आधी.

घरात बीपीचं मशीन असेल तर आजपासून एक रकाना वाढवा. संध्याकाळी तेलाच्या आधी आणि सकाळी उठल्यावर: पाच मिनिटं आडवं पडून बीपी, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते आकडे फोनवर सांगायचे. मोजताना तुम्ही शेजारी उभ्या राहा, एकट्याने करू देऊ नका. गरगरलं तर लगेच बसवा.

रात्री पलंगाशेजारी दिवा, पायाखालचा गालिचा काढून टाका, उठताना आधी पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. शक्य असेल तर लघवीचं भांडं खोलीतच ठेवा. आणि गाडी चालवत असतील तर क्लिनिकशी बोलणं होईपर्यंत किल्ली तुमच्याकडे.

सगळ्या गोळ्या लिहायच्या, कुठल्याही दुखण्याची असो, व्हिटॅमिनसुद्धा, त्रिफळासुद्धा. त्या रकान्याला "पोटात गेलेलं सगळं" असं नाव द्या म्हणजे बाबांना प्रश्न पडणार नाही.

लेस्टरवाली

बाबांनी ती ओळ लिहिली म्हणून कळलं, त्यांना माझ्याकडून शाबासकी सांगा. मला स्प्रे सुरू केल्यावर असंच व्हायचं, मी पण घरी सांगितलं नव्हतं, वाटायचं औषध बंद करतील आणि परत ते गोळे सुरू होतील. बाबांना पण तसंच वाटत असेल कदाचित. त्यांना सांगा की डोस कमी करणं, वेळ बदलणं, असे बरेच मार्ग असतात, सरळ बंदच करतात असं नाही. माझा रात्रीचा एक स्प्रे कमी केला आणि संध्याकाळी लवकर घ्यायला सांगितलं, अजून चालू आहे.

ब्रॅम्प्टनची_लेक

हेच म्हणाले ते, अगदी हेच, की सांगितलं असतं तर तेल काढून घेतलं असतं. मशीन आहे घरात, आज संध्याकाळपासून मोजतोय. उद्या नऊ वाजता क्लिनिक उघडतं, फोन झाला की इथे लिहिते. दिवाळीच्या तिकिटांचं त्यानंतरच बघू.